मांडीवरची गिटार कोणत्या सुरांत लावावी?



धार आणि देवास ही माळव्यातील दोन नगरे मराठी माणसाला परकी नाहीत. अठराव्या शतकात पवारांनी तेथे राज्ये स्थापिली आणि त्यांच्यामागून गेलेल्या मराठी घराण्यांनी त्या मातीत मूळ धरले. गाण्याच्या दृष्टीने तर ही पुण्यभूमीच होय. धारच्या भोजराजाची गणना शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त पूर्वाचार्यांमध्ये केली आहे. देवासला रजबअली खाँसाहेबांचे गाणे घुमले. आणि १९४८ साली क्षयाने पीडलेले कुमार गंधर्व तेथे आले, ते कायमचे देवासचे झाले. १९९२ साली ते निवर्तले, तरी त्यांच्या तंबोऱ्यांच्या जुळणीची आठवण जाणकार अजून काढतात. तंबोरा लावण्यात जाणारा वेळ हा गाण्यापूर्वीचा वेळ नव्हे. तो गाण्याचाच आरंभ होय, हे त्यांच्या मैफलीत बसलेल्याला सांगावे लागत नसे.

हे सारे आठवण्याचे कारण एक निराळेच वाद्य आहे. धार-देवासकडील एखाद्या तरुणाने गिटार मांडीवर आडवी घेतली आणि पोलादी बार तारांवरून फिरवीत अमेरिकेतील ‘ब्लूज’ वाजवावयाचे मनात आणले, तर त्याच्यापुढे पहिला प्रश्न तंबोऱ्याचाच उभा राहतो: तारा कोणत्या सुरांत लावावयाच्या?

ब्लूज हे आफ्रिकी वंशाच्या अमेरिकन लोकांचे गाणे. गुलामगिरी कायद्याने संपली, तरी कापसाच्या शेतातले कष्ट आणि अपमान संपले नाहीत. त्या दुःखातून ते जन्मले. १९०३ च्या सुमारास मिसिसिपी राज्यातील टटवायलर या गावच्या रेल्वे स्टेशनवर डब्ल्यू. सी. हॅन्डी या संगीतकाराने एका फाटक्या कपड्यांच्या माणसाला तारांवर सुरी दाबून गिटार वाजवताना ऐकले. त्याआधी हवाई बेटांवर जोसेफ केकुकु यांनी गिटार मांडीवर ठेवून पोलादाच्या तुकड्याने वाजविण्याची रीत रूढ केली होती. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनानंतर ती अमेरिकेत सर्वत्र पसरली. आपल्याकडे ब्रिजभूषण काब्रा यांनी याच रीतीने गिटारवर राग वाजविले; पुढे विश्वमोहन भट्ट यांनी राय कूडर या अमेरिकन वादकाबरोबर केलेल्या १९९३ च्या ध्वनिमुद्रिकेस ग्रॅमी पारितोषिक मिळाले. तेव्हा ही वाट मुळीच अनोळखी नाही.

नेहमीच्या गिटारीवर डाव्या हाताची बोटे निरनिराळ्या तारांवर निरनिराळ्या ठिकाणी बसून स्वरमेळ जुळवितात. मांडीवरच्या गिटारीत बोटांच्या जागी एक सरळ बार असतो आणि तो सर्व तारांवर एकाच रेषेत आडवा पडतो. म्हणून स्वरमेळ तारांत आधीच लावून ठेवावा लागतो. यालाच खुली जुळणी म्हणतात. खुल्या तारा छेडल्या की षड्जाचा मेळ मिळतो. पाचव्या पडद्यावर बार ठेवला की मध्यमाचा, सातव्यावर पंचमाचा आणि बाराव्यावर वरच्या षड्जाचा. ब्लूजच्या बारा मात्राखंडांचा सारा प्रवास एवढ्या मुक्कामांत होतो. मात्र जुळणीत जी चूक राहील, ती बारामागून प्रत्येक मुक्कामावर येईल.

मुख्य जुळण्या दोन. जाड तारेपासून बारीक तारेकडे मोजल्यास पहिली अशी: सा, प, सा, ग, प, सा. दुसरी अशी: प, सा, प, सा, ग, प. पहिलीचा षड्ज पांढरी दोन, दुसरीचा पांढरी पाच. नेहमीच्या जुळणीवरून येताना पहिलीत चार व दुसरीत तीन तारा उतरवाव्या लागतात. कोणतीही चढवावी लागत नाही. मांडीवर वाजविणाऱ्यांची आणखी एक जुळणी आहे: सा, ग, प, सा, ग, प. तीत दोन जाड तारा बऱ्याच चढतात. नेहमीच्या तारांवर हा प्रयोग करू नये, तार तुटेल. त्यासाठी मुद्दाम योग्य जाडीच्या तारा घ्याव्या.

निवड कशी करावी? प्रथम गळा पाहावा. पुरुषाचा आवाज बहुधा काळी एक ते पांढरी दोन येथे बसतो. त्याला पहिली जुळणी सोयीची. स्त्रीचा आवाज काळी चारच्या आसपास असेल, तर दुसरी जवळची. नंतर चाल पाहावी. जी चाल फिरून फिरून षड्जावर विसावते, तिला पहिली जुळणी हवी, कारण तीत खाली आणि वर दोन्हीकडे षड्ज उभा आहे. जी चाल षड्जाखाली मंद्र पंचमापर्यंत उतरते, तिला दुसरी हवी.

परंतु खरी परीक्षा गंधाराची. ब्लूजचा गंधार शुद्ध नाही आणि कोमलही नाही. तो दोहोंच्या मध्ये व्याकुळ होऊन हिंडतो. खुल्या जुळणीत मात्र शुद्ध गंधार पक्का बसलेला. तो बेफिकीरपणे वाजला की विलापाचे रूपांतर नाचाच्या तालात होते. यावर काहींनी गंधाराची तार कोमल केली. स्किप जेम्स यांच्या १९३१ च्या ध्वनिमुद्रिका त्याची साक्ष देतात. पण मांडीवर वाजविताना मग मध्यम-पंचमाचे मेळही कोमल होतात, म्हणून ती जुळणी मोजक्या गाण्यांसाठीच राखावी.

दुसरा उपाय माळव्याच्या कानाला ठाऊक आहे. उत्तम लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून, कोणी न छेडताही, गंधार उमटतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तो पेटीच्या गंधाराहून किंचित उतरलेला असतो. गिटारची गंधाराची तार पेटीवर न लावता खर्जाच्या तारेतून ऐकू येणाऱ्या त्या गंधारावर लावावी. आणि दुःखाचा गंधार हवा तेव्हा ती तार मोकळी सोडून, षड्जाच्या तारेवर तिसऱ्या पडद्याच्या किंचित पुढे बार न्यावा व मींडेने तो शोधावा. मालकंसाला पंचम वर्ज्य म्हणून आपण तंबोऱ्याची पहिली तार मध्यमात लावतो. रागाला जे सोसत नाही ते तारेत ठेवीत नाही. न्याय तोच.

१९२७ च्या डिसेंबरात डॅलस शहरी ब्लाइंड विली जॉन्सन या अंध गायकाने पहिल्या जुळणीतच एक भजन वाजविले. येशू ख्रिस्ताने गेथसेमनी बागेत काढलेल्या रात्रीचे ते भजन. त्यात शब्द नाहीत, केवळ गिटार आणि गुणगुणणे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर ते आहे. आणि त्याच तबकडीवर गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. दोघे एकमेकांना कधी भेटले नाहीत. पण दोघांनीही आधी सूर लावला, मग तोंड उघडले. शिकणाऱ्याने एवढे ध्यानी धरले तरी पुरे: बार उचलण्यापूर्वी तारा ऐकाव्या.