सांधा नीट, तर भिंत नीट

घराचं काम काढलं की घरात सगळ्यांत जास्त चर्चा रंगते ती स्वयंपाकघराची आणि बाथरूमची. टाइल्सच्या दुकानात तासन्‌तास जातात. अलीकडे या दुकानांत एक साधीशी टाइल मागून घेणारे बरेच दिसतात. तीन इंच उंच, सहा इंच लांब, पांढरी आणि चकचकीत. तिला सबवे टाइल म्हणतात. ओट्यामागच्या भिंतीला आणि न्हाणीघराला ती फार छान दिसते. पण ती लावायची कशी, याचा विचार तिच्या निवडीइतका होत नाही. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

ही टाइल नावारूपाला आली ती न्यूयॉर्कमध्ये. २७ ऑक्टोबर १९०४ रोजी तिथली भुयारी रेल्वे, म्हणजे सबवे, सुरू झाली. पहिल्या स्थानकांची रचना जॉर्ज हाइन्स आणि क्रिस्टोफर ग्रँट लाफार्ज या वास्तुविशारदांनी केली. जमिनीखाली उजेड कमी, माणसांची गर्दी मोठी. रोग जंतूंमुळे पसरतात हे तोवर सर्वमान्य झालं होतं आणि क्षयाची धास्ती घरोघरी होती. अशा जागी भिंत उजेड परतवणारी हवी आणि पुसली की स्वच्छ होणारी हवी. म्हणून झिलई दिलेली पांढरी टाइल आली. भिंतीच्या खालच्या भागाला धक्के बसणार, म्हणून तिथे वीट किंवा संगमरवर लावला आणि टाइल त्याच्या वर घेतली. जमीन आणि भिंत मिळतात तो कोपरा गोलसर केला, म्हणजे तिथे घाण साचू नये. फलाट धुवायला रबरी नळी जोडण्याची सोयही ठेवली. पॅरिसच्या मेट्रोतही १९०० सालापासून अशाच पांढऱ्या टाइल्स आहेत. त्यांच्या कडा उतरत्या आहेत.

न्यूयॉर्कच्या वास्तुविशारदांनी सौंदर्याकडेही पाठ फिरवली नाही. भिंत पांढरी ठेवून रंग त्यांनी मोजक्या जागी वापरला: स्थानकाच्या नावाच्या पाटीत, वरच्या पट्टीत, एखाद्या चित्रात. ॲस्टर प्लेस स्थानकात बीव्हर या प्राण्याचं उठावाचं चित्र आहे, कारण ॲस्टर घराण्याची संपत्ती त्याच्या कातड्याच्या व्यापारातून आली होती. सभोवती पांढरं असल्यामुळे ते चित्र चटकन डोळ्यांत भरतं. आपल्या घरातही हाच नियम उपयोगी पडतो. भिंत शांत ठेवा आणि रंगाची हौस एकाच पट्टीत भागवा.

आता आपल्या ओट्याकडे येऊ. दहा फूट लांब आणि दोन फूट उंच भिंत धरली, तर वीस चौरस फूट होतात. एका चौरस फुटात या आठ टाइल्स बसतात, म्हणजे एकशे साठ लागतात. मोडतोड धरून दहा टक्के जास्त घ्याव्यात. बारा बाय अठरा इंचांची मोठी टाइल घेतली, तर त्याच जागेला चौदा पुरतात. याचा अर्थ असा, की सबवे टाइल घेतली की भिंतीवर सांधेच सांधे येतात. टाइल साधी असते, तिचं रूप सांध्यांवर ठरतं.

म्हणून पहिली ओळ जपून लावायची. बरेचदा ओटाच सिंककडे किंचित उतरता असतो. ओट्याच्या काठाला धरून टाइल्स लावत गेलं, की तो उतार वरपर्यंत जातो आणि कपाटाखाली तिरकी फट दिसते. जाणता मिस्त्री आधी पाणसळ धरून भिंतीवर सरळ पट्टी ठोकतो, तिच्यावर पहिली पूर्ण ओळ घेतो आणि खालचे तुकडे मागून कापून बसवतो. त्याआधी तो टाइल्स जमिनीवर मांडून बघतो. डावीकडे अख्खी टाइल आणि उजवीकडे बोटभर चिंधी, असं होऊ नये म्हणून दोन्ही टोकांना सारखे तुकडे येतील अशी मधली रेघ काढतो. स्विचबोर्डाचा चौकोन कुठे येतो तेही तेव्हाच बघतो. या मांडामांडीत अर्धा दिवस जातो. तो अर्धा दिवस त्याला द्या आणि त्या वेळेची मजुरीही खुशीने द्या. त्याच्या हातांच्या कामाची किंमत आपण टाइलच्या किमतीपेक्षा कमी धरतो, हे मला मनापासून खटकतं.

मांडणीत सांधेमोड घेतली, म्हणजे वरच्या टाइलचा मध्य खालच्या सांध्यावर आणला, की विटांच्या भिंतीचा भास होतो. सांध्यावर सांधा सरळ ठेवला तर भिंत जास्त नीटस दिसते, पण एक मिलिमीटरची चूकही लपत नाही. त्यामुळे भिंतीचा गिलावा ओळंब्यात नसेल, तर सांधेमोडच घ्यावी.

आता हळद. आपल्या स्वयंपाकात फोडणीशिवाय भागत नाही आणि फोडणीचे शिंतोडे गॅसमागच्या भिंतीवर उडतातच. झिलईवरची हळद ओल्या फडक्याने निघते. पण सिमेंटचा पांढरा सांधा सच्छिद्र असतो. तेल आणि हळद त्यात मुरतात, आणि थोड्याच दिवसांत पांढऱ्या भिंतीवर पिवळ्या रेघांची जाळी उमटते. यावर उपाय आहे. गॅसमागच्या भागात इपॉक्सी ग्राउट भरून घ्यावं. ते महाग असतं आणि भराभर काम करावं लागतं, पण डाग शोषत नाही. ते परवडत नसेल तर सांधा फिकट राखाडी घ्यावा आणि बारीक ठेवावा. उतरत्या कडांच्या टाइल्स गॅसमागे टाळाव्यात, कारण त्या खाचांत तेलकट धूळ बसते. ओटा आणि पहिली ओळ यांमधल्या फटीत सिलिकॉन भरावं. सिमेंट तिथे तडकतं.

बाथरूमची गोष्ट जरा वेगळी आहे. अनेक फ्लॅटमधल्या बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते आणि भरदिवसा दिवा लावावा लागतो. तिथे पांढरी चकचकीत टाइल खरोखर कामाला येते, कारण आहे तेवढा उजेड ती चहूकडे फिरवते. पण टाइल म्हणजे वॉटरप्रूफिंग, हा समज सोडून द्या. पाणी सिमेंटच्या सांध्यांतून आत जातं. वॉटरप्रूफिंग टाइलच्या आधी करायचं, त्यावर पाणी साठवून गळती तपासायची आणि मगच भिंतींना हात घालायचा. ही गुळगुळीत टाइल जमिनीवर मात्र कधीही लावू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांचा पाय ओल्या जमिनीवर घसरला, तर सगळी शोभा व्यर्थ आहे. खाली खरखरीत टाइलच हवी.

काम ताब्यात घेताना लाकडी दांडीने टाइल्स हळूच ठोकून बघा. भरीव आवाज आला तर मागे माल पूर्ण बसलाय. पोकळ आवाज आला तर ती टाइल तेव्हाच काढून पुन्हा लावायला सांगा. आणि पुढे साफसफाईला ॲसिड वापरू नका. ॲसिडने क्षार जातात, पण त्याबरोबर सिमेंटचा सांधाही खाल्ला जातो. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा आहे.

श्रोतेहो, उजेड आणि स्वच्छता या दोन गरजांसाठी ही टाइल निवडली गेली. आपल्या घरातल्या बाईमाणसांचे, आणि आता पुरुषांचेही, कितीतरी तास ओट्यापुढे जातात. त्यांच्या नजरेसमोरची भिंत उजळ आणि पुसायला सोपी असावी, हा त्यांचा हक्क आहे. त्यासाठी महागडी टाइल लागत नाही. चांगला मिस्त्री निवडा, त्याला पुरेसा वेळ द्या आणि पहिली ओळ लागते तेव्हा स्वतः तिथे उभे राहा.