तीर्थ आणि पाणी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



नाशिक क्षेत्रातील प्रेक्षणीय स्थळांविषयी चार शब्द सांगावेत अशी आज्ञा मंडळाने आम्हांस केली आहे. आपणांपैकी बहुतेकांचा जन्मच गोदातीरी झाला. तेव्हा पंचवटी, सीतागुंफा आणि तपोवन कोठे आहेत हे आपणांस सांगणे म्हणजे आजीला मामाचा गाव दाखविण्यासारखे होईल. म्हणून ही स्थळे कशी पाहावीत, एवढाच विषय आम्ही घेतला आहे. आमच्या अल्पमतीप्रमाणे प्रत्येक क्षेत्राला तीन अंगे असतात : श्रद्धेची कथा, इतिहासाचा पुरावा आणि निसर्गाचे देणे. पहिल्या दोहोंची आपण आठवण ठेवतो. तिसऱ्याचा मात्र विसर पडत चालला आहे.

प्रारंभ ब्रह्मगिरीपासून करू. गौतम ऋषींनी तपश्चर्या करून गंगेला येथे उतरविले, म्हणून ती गौतमी, ही कथा सर्वश्रुत आहे. भूगोलाची कथाही तितकीच अद्भुत आहे. येथून पश्चिमेचा समुद्र सुमारे 80 किलोमीटरवर असताना ही नदी त्याकडे पाठ फिरविते आणि 1465 किलोमीटर चालून पूर्वसागरास मिळते. पायथ्याचे त्र्यंबकेश्वराचे काळ्या पाषाणाचे देवालय नानासाहेब पेशव्यांनी बांधविण्यास घेतले. परंतु देवालयाच्या आधी डोंगर आहे आणि डोंगराच्या पोटात पाणी आहे, म्हणूनच हे क्षेत्र आहे.

आता पांडवलेण्यांकडे वळू. लोक त्यांचा संबंध पांडवांशी जोडतात. वास्तविक ती बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली 24 लेणी असून त्यांपैकी सर्वांत जुनी सुमारे दोन हजार वर्षांची आहेत. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेने आपल्या पुत्राचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, गौरव कोरविला आहे. दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्याने 3000 कार्षापणांची कायम ठेव येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेविली : 2000 दरमहा शेकडा एक व्याजाने आणि 1000 शेकडा पाऊण व्याजाने. त्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रादिकांचा खर्च चालावयाचा. आपणांसारख्या संस्थेने हा लेख अवश्य समजून घ्यावा. कष्टकऱ्यांच्या संघटनेकडे धर्मकार्याची ठेव विश्वासाने सोपविली जात होती, यापरता प्रामाणिकपणाचा दाखला कोणता? याच उषवदाताने तापी आदी नद्यांवर लोकांना विनामूल्य पार करणाऱ्या नावा ठेविल्या. 'तीर्थ' या शब्दाचा मूळ अर्थही नदीचा उतार असाच आहे. सर्वांना पाण्यापर्यंत पोहोचता यावे, हेच तीर्थाचे मर्म होय.

हे मर्म आपण कधी कधी विसरलो, याची साक्ष काळाराम मंदिर देते. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी उभारलेले हे देवालय शिल्पदृष्ट्या अत्यंत प्रेक्षणीय आहे. त्याच्याच दाराशी 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड प्रभृती कार्यकर्त्यांनी तो वर्षानुवर्षे चालविला. दरवाजे मात्र उघडले नाहीत. अखेर 13 ऑक्टोबर 1935 रोजी आपल्याच जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून आम्ही हे मुद्दाम सांगतो. मुलांना मंदिराचे खांब दाखविताना हा इतिहासही सांगावा.

नदीकाठच्या नारोशंकर मंदिरातील मोठी घंटा आपण पाहिलीच असेल. ती पोर्तुगीजांची असून 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली त्या विजयाची ती खूण मानली जाते. तिच्या समोरच्या बाजूस दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले की कमरेला, यावरून नाशिककर पुराचे मान ठरवितात. 1969, 2008 आणि 2019 च्या पुरांत गोदामाईने आपले सामर्थ्य दाखविले. परंतु 2016 च्या उन्हाळ्यात याच मारुतीशेजारचे रामकुंड कोरडे पडले! स्नानास आलेल्या यात्रेकरूंनी कुंडाचा तळ पाहिला. पुराचे भय आपणांस वाटते. तळ दिसल्याचे भय अधिक वाटावयास हवे.

ती घंटा ज्या धर्मीयांनी ओतविली, त्यांची पुण्यनदी यार्देन. तिच्या पाण्यात योहानाने येशूस बाप्तिस्मा दिला अशी त्यांची श्रद्धा आहे. 1964 साली इस्राएलने गालील सरोवराचे पाणी मोठ्या नळांनी दूर नेले. शेजारच्या देशांनीही उपनद्या अडविल्या. आज खालची यार्देन ओढ्यासारखी झाली असून ती ज्यास मिळते त्या मृतसमुद्राची पातळी दरसाल सुमारे एक मीटरने खाली जात आहे. आपल्याकडे 1965 साली गंगापूर धरण पुरे झाले. त्याने शहराची तहान भागविली आणि शेतमळे फुलविले. त्याला दोष देणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि पाणी घेणाऱ्याने नदीचे देणेही फेडले पाहिजे. आपण काय केले? काही कुंडांच्या तळाला काँक्रीट घालून जिवंत झरे बुजविले. रामकुंडाशी मिळणारी अरुणा आज डोळ्यांना दिसत नाही. 2025 साली सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातील झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा नाशिककरांनी विरोधाचा आवाज उठविला हे आशेचे चिन्ह आहे. वनच उरले नाही तर तपोवन हे नाव कशास लावावयाचे?

बंधुभगिनींनो, पस्तीस वर्षे मुलांना इतिहास-भूगोल शिकविताना हे दोन विषय वेगळे नाहीत हे आम्हांस कळले. म्हणून मंडळापुढे तीन सूचना ठेवितो. वार्षिक सहल ब्रह्मगिरी व पांडवलेणी येथे न्यावी आणि जाणत्यांकडून लेख वाचून घ्यावेत. आपल्या कुटुंबांतील निर्माल्य नदीत न टाकता त्याचे खत करावे. मंगलकार्याच्या प्रसंगी एक देशी झाड लावून ते तीन वर्षे जगविण्याची जबाबदारी त्या घराने घ्यावी.

देवालय पडले तर पुन्हा बांधता येते. अहल्याबाई होळकरांनी भारतभर तसे बांधून दाखविले. आटलेला झरा मात्र वर्गणी जमवून बांधता येत नाही. येणाऱ्या पिढीच्या ओंजळीत गोदेचे पाणी पडावे, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.