सासूबाईंचे वजन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चारचौघींत बोलण्याची सवय नाही. पण आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "घरात जे केलेत तेच सांगा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल." म्हणून उभी राहिले आहे.

माझ्या सासूबाई आज 71 वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी दोन घासांतच त्यांचे पोट भरू लागले, तोंडाची चव गेली. पित्त समजून चार महिने गोळ्या चालल्या. शेवटी दुर्बीण घालून तपासले, तेव्हा जठराचा कर्करोग निघाला. पहाटेची खोपोली लोकल पकडून परळच्या टाटा हॉस्पिटलात आमच्या खेपा सुरू झाल्या. तिथे त्यांचे सगळे जठर काढून अन्ननलिका थेट आतड्याला जोडली. जठरावाचून माणूस जगतो कसा, हेच मला कळेना. मग मुलीने वाचून सांगितले की, सगळे जठर काढण्याचे पहिले यशस्वी ऑपरेशन 1897 साली झुरिक शहरात झाले, तेही 56 वर्षांच्या एका बाईवर. ती त्यानंतर वर्षाहून अधिक जगली. ते ऐकून मला धीर आला.

खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू झाली. ऑपरेशनपूर्वी सासूबाईंचे वजन 52 किलो होते. तीन महिन्यांत 46 झाले, सहाव्या महिन्यात 44. हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या. भेटायला येणारी बाई उंबऱ्यातूनच म्हणे, "अगं बाई, किती वाळल्या! काही खायला घालतेस की नाही?" भगिनींनो, त्या दिवसांत मी स्वयंपाकघराचे दार लोटून रडलेली आहे. एकतर रोग उलटला, नाहीतर माझ्याच हातून काही चुकते आहे, असे वाटे.

डॉक्टरांनी समजावले तेव्हा मन हलके झाले. या ऑपरेशननंतर बहुतेकांचे वजन बरेच उतरते, आणि ते मुख्यतः पहिल्या सहा महिन्यांत. साठवणीची पिशवीच गेली, म्हणून एका वेळी जास्त मावत नाही आणि अन्न नीट अंगी लागत नाही. भूक लागल्याचे मेंदूला कळवणारा रसही बराचसा जठरातच तयार होतो. जठर गेले की भूकही जाते. आपल्या सासवा तर सगळ्यांची पाने उठल्यावर जेवणाऱ्या, जन्मात कधी मागून न खाल्लेल्या. "भूक लागली की मागतील" म्हणून मी वाट पाहत बसले, ही माझी चूक झाली. उतारवयात नुसती चरबी जात नाही, मांसही झडते. मग पाटावरून उठवत नाही, तोल जातो.

तेव्हापासून आमच्या घरी घड्याळ लावून जेवण असते. दिवसातून सात वेळा, पण अर्धी वाटीच. मऊ वरणभात, आमटीत कुस्करलेली तांदळाची भाकरी, उकडलेले अंडे, दही, मुगाचे कढण, काटे काढलेली मऊ मासळी. पाणी जेवणाबरोबर नाही, अर्ध्या तासाच्या अंतराने. घास सावकाश चावायचा आणि जेवल्यावर लगेच आडवे व्हायचे नाही. एकदा मायेने कुणी वाटीभर खीर आणली. ती खाताच सासूबाईंना दरदरून घाम सुटला, छाती धडधडू लागली. गोड पदार्थ एकदम आतड्यात उतरला की असे होते. बी-12 हे जीवनसत्त्व जठरावाचून अन्नातून अंगी लागत नाही, म्हणून त्याचे इंजेक्शन जन्मभर घ्यायचे आहे. लोह आणि कॅल्शियमही तपासून घ्यावे लागते.

कार्तिकी एकादशीला मात्र वाद झाला. आपल्या विठोबाची यात्रा, आणि त्या कडक उपासाला बसलेल्या! मी म्हटले, "आई, उपास सोडू नका, पण पोट रिकामे ठेवू नका." मग दर दोन तासांनी वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, दही असे थोडे थोडे दिले. दुपारी माझा हात धरून त्या देवळापर्यंत चालत गेल्या. उपासही राहिला आणि वजनही.

दर सोमवारी सकाळी, त्याच काट्यावर वजन करून मी कालनिर्णयच्या चौकटीत लिहिते. सहाव्या महिन्यानंतर काटा थांबला, वर्षाने 45 झाला. पुन्हा 52 होईल अशी आशा मी धरत नाही. डॉक्टर म्हणाले, टिकले हेच पुष्कळ. पण स्थिरावलेले वजन पुन्हा घसरू लागले, उलट्या झाल्या किंवा घास अडकू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवायचे.

शेवटी एक विनंती. असा रोगी पाहायला जाल तेव्हा "किती वाळलात" म्हणू नका. तो त्याला ठाऊक असतो, आणि त्याची सेवा करणारीलाही. त्यापेक्षा खाण्याची वेळ विचारून जा आणि दहा मिनिटे शेजारी बसा. गप्पांच्या ओघात दोन घास जास्त जातात, हे मी रोज पाहते. माझ्या शेजारणी आता तशाच येतात. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.