उक्ते काम घेण्यापूर्वी

(गवंडी, सुतार आणि नळकारागीर यांच्या प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर. वर्गास परिसरातील शिक्षक व ग्रामपंचायतींचे सदस्यही उपस्थित होते.)



आपल्यापैकी पुष्कळांच्या हाती पंधरा-वीस वर्षांचे कसब आहे. ओळंबा कसा सोडावा आणि पाणसळ कशी धरावी हे मी आपणांस सांगू लागलो तर ते हास्यास्पद ठरेल. मी कला शाखेचा पदवीधर, आणि माझी सारी नोकरी कागदावर गेलेली. तरीही घरदुरुस्तीचा स्वतःचा व्यवसाय कसा उभारावा आणि कामाची किंमत कशी सांगावी, हा आजचा विषय मी मागून घेतला. त्यास एक कारण घडले. ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी गावाकडील आमच्या घराची गच्ची गळू लागली. वडिलांनी बांधलेले घर, स्लॅबला पस्तीस वर्षे झालेली. गावातलेच एक मिस्त्री आले. हाताला फार चांगला माणूस. त्यांनी गच्चीवर एक फेरी मारली, खाली येऊन चहा घेतला आणि म्हणाले, "साहेब, चाळीस हजारांत करून देतो." दुसऱ्या एकाने पासष्ट हजार सांगितले होते. मी मनातून खूष झालो. जुना कोबा फोडल्यावर मात्र खाली दोन खोल्यांवरचे काँक्रीट फुगलेले निघाले आणि सळ्या गंजून त्यांचे पापुद्रे सुटत होते. या दुरुस्तीचा विचार त्यांनी केला नव्हता आणि मीही केला नव्हता. परंतु शब्द चाळीस हजारांचा गेला होता, आणि ते शब्दाला जागायला निघाले. बाराव्या दिवशी पैसा संपला. बिगाऱ्यांची मजुरी भागविण्यासाठी त्यांनी घरातला दागिना गहाण टाकला, हे मला फार उशिरा कळले. काम अर्धवट राहिले, पावसाळा तोंडावर आला, गावात बोलणी झाली, आणि तो मनुष्य पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली रोजंदारीवर गेला. माझी गच्ची पुढे दुसऱ्याकडून नीट झाली. त्यांचे मात्र जे गेले ते गेलेच.

यात कोणी कोणाला फसविले नाही. चूक होती ती चहा घेता घेता सांगितलेल्या आकड्याची. तिच्यात निम्मा वाटा माझा आहे, कारण स्वस्त आकडा ऐकून मी एकही प्रश्न विचारला नाही.

रोजंदारीवर काम करणाऱ्यास दिवस भरला की दाम मिळतो. काम लांबले तर ती मालकाची चिंता. उक्ते काम घेतले की ती चिंता आपल्या अंगावर येते. नव्या बांधकामात निदान नकाशा असतो आणि जमीन मोकळी असते. दुरुस्तीच्या कामात निम्मे काम भिंतीच्या आत आणि फरशीच्या खाली दडलेले असते. म्हणून किंमत सांगण्यापूर्वी घर वाचावयास शिकले पाहिजे. हातोडीने गिलावा ठोकून पाहावा; पोकळ आवाज येतो तेथे तो भिंतीपासून सुटलेला असतो. ओल खालून चढते आहे, वरून झिरपते आहे की नळातून येते आहे, हे ठरल्याशिवाय कशाचाही दर सांगू नये. न्हाणीघराची फरशी बदलावयाची असेल तर खालचा नळ कोणत्या धातूचा आणि किती जुना, हे विचारावे. तळमजल्यावर राहणाऱ्यांच्या छताकडे एकदा नजर टाकावी. हे सारे पाहून झाले की मोजपट्टी काढावी, वहीत मोजमाप लिहावे आणि घरी जावे. "उद्या सायंकाळी लेखी देतो" असे म्हणण्यात कमीपणा नाही. माझ्या मते या धंद्यात हेच वाक्य सर्वांत मोलाचे आहे.

आता हिशेबाकडे वळू. दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच अशी खोली घ्या. चार भिंतींची लांबी चव्वेचाळीस फूट, म्हणून क्षेत्र ४४० चौरस फूट. तीन बाय सातचा दरवाजा आणि चार बाय चारची खिडकी वजा केली तर ४०३ चौरस फूट उरतात. (वजावट कशी करावी याचे नियम भारतीय मानक १२०० मध्ये दिलेले आहेत. अर्ध्या चौरस मीटरहून लहान झरोक्याची वजावट गिलाव्यात करीत नाहीत.) एकास चार प्रमाणाचा बारा मिलिमीटर जाडीचा गिलावा असेल तर शंभर चौरस मीटरला सुमारे बारा पोती सिमेंट लागते. आपली भिंत साडेसदतीस चौरस मीटरची, म्हणजे साडेचार पोती झाली. हे पुस्तकातले गणित. जुना गिलावा फोडल्यावर भिंत कोठे आत, कोठे बाहेर अशी निघते आणि ती ओळंब्यात आणताना जाडी सरासरी वीस मिलिमीटरवर जाते. मग साडेचारची सात पोती होतात. वाळू त्याच प्रमाणात वाढते, गवंड्याचा वेळ वाढतो. शिवाय फोडकामाचा राडारोडा उचलून नेण्याची गाडी असतेच, आणि तिचा खर्च बहुतेकजण विसरतात. फरशीच्या कामात तुटफूट व कापणी यांसाठी शेकडा पाच ते दहा जादा माल धरावा लागतो. तिरकी नक्षी असेल तर त्याहूनही अधिक.

माल आणि मजुरी झाली की हिशेब संपला, असे पुष्कळांना वाटते. माझ्या गावच्या मिस्त्रींचा संसार नेमका येथेच अडकला. आपण दिवसभर देखरेख करता, संध्याकाळी दुकानात जाता, एकदा सांगून न पटलेले काम पाहावयास दुसऱ्या गावी जाता. त्याचे दाम कोणत्या कामात धरले? समजा, आपल्या घरखर्चासाठी महिना २५,००० रुपये लागतात. वर्षाचे तीन लाख झाले. दुचाकीचे पेट्रोल, दूरध्वनी, परांचीचे साहित्य, हत्यारांची झीज, वहीपेन हे मिळून वर्षाला साठ हजार धरा. एकूण ३,६०,०००. पावसाळ्यात बाहेरची कामे थांबतात, सणवार येतात, दोन कामांच्या मध्ये दिवस रिकामे जातात. वर्षात प्रत्यक्ष कामाचे दोनशे दिवस भरले तर दिवसाला १,८०० रुपये वरकड खर्च पडतो. दहा दिवसांच्या न्हाणीघराने त्यातले १८,००० उचलले पाहिजेत. ते त्या कामात धरले नाहीत तर ते आपल्याच घरातून जातात, आणि तसे ते जात आहेत हे वर्ष सरेपर्यंत लक्षातही येत नाही. आपला आकडा माझ्यापेक्षा निराळा असेल. तो ज्याचा त्याने काढावा.

यानंतर नफा. येथे टक्केवारी शिकलेल्यांनाही चकविते. खर्च एक लाख, त्यावर शेकडा वीस चढविले, किंमत एक लाख वीस हजार. आपण समजतो की किमतीत वीस टक्के आपले. प्रत्यक्षात एक लाख वीस हजारांत वीस हजार म्हणजे पावणेसतरा टक्के सुद्धा नव्हेत. किमतीतले वीस टक्के हवे असतील तर १,२५,००० सांगावयास हवेत. आता मालकाने घासाघीस करून एक लाख वीस हजारांतले दहा टक्के कमी करून घेतले, असे समजा. बारा हजार गेले. मालकाला वाटते, दहा टक्केच तर सोडले! परंतु आपल्या वीस हजारांपैकी आठ हजार उरले. नफ्याचे साठ टक्के गेले. म्हणून दर कमी करावयाचा तर काम कमी करावे. "महागाच्या नळाऐवजी साधा नळ बसवू, पाच हजार कमी होतील" असे म्हणावे.

लेखी पत्रात काय असावे? काय करणार याच्याइतकेच काय करणार नाही, हेही असावे. "विजेचे काम यात धरलेले नाही." "फोडल्यानंतर सळ्या गंजलेल्या निघाल्यास त्यांची दुरुस्ती अमुक दराने वेगळी मोजली जाईल; काम थांबवून मालकांस दाखविल्याशिवाय पुढे जाणार नाही." ही दोन वाक्ये माझ्या गच्चीच्या वेळी कागदावर असती तर दागिना घरात राहिला असता. हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधून घ्यावेत: आरंभी इतके, फोडकाम व नळकाम संपल्यावर इतके, जलरोधन करून पाणी साठवून तपासून दाखविल्यावर इतके. शेवटचा हप्ता लहान ठेवावा, म्हणजे तो अडकला तरी मजुरी अडकत नाही. एका मालकाची उचल दुसऱ्याच्या कामात घालणे ही या धंद्यातली जुनी खोड आहे. ती मोडावी.

काही कामे मात्र किंमत चांगली येत असली तरी अभियंत्याच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत. बैठक मोठी करण्यासाठी मधली भिंत काढा, असे मालक सहज सांगतो. ती भिंत वरचा भार वाहते की नाही, हे त्याला माहीत नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी किती माणसे गाडली, हे मराठवाड्यास सांगावयास नको. त्यानंतर ५२ गावांचे पुनर्वसन झाले. इतर अनेक गावांत घरे जागेवरच दुरुस्त व मजबूत करण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. भिंतीच्या दोन्ही अंगांना धरून ठेवणारे आरपार दगड, कोपऱ्यांची बांधणी आणि काँक्रीटचा पट्टा यांची माहिती तेव्हा गावोगावच्या गवंड्यांना झाली. दुरुस्ती म्हणजे केवळ रंगरंगोटी नव्हे, हे त्या पिढीने पाहिलेले आहे.

येथे बसलेल्या सरपंचांना आणि मुख्याध्यापकांना एक विनंती. शाळेच्या किंवा कार्यालयाच्या दुरुस्तीसाठी आपण तीन दरपत्रके मागविता. परंतु तिघांनी तीन निराळ्या कामांचे दर दिलेले असतात. एकाने जुने पत्रे उतरविणे धरलेले असते, दुसऱ्याने नाही. मग सर्वांत कमी आकडा सर्वांत कमी कामाचा निघतो. तिघांनाही बाबनिहाय एकच यादी द्यावी आणि जागा दाखवावी. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निविदांत शेकडा दराचा बी-१ आणि बाबनिहाय दराचा बी-२ असे नमुने आहेत. पहिल्यात खात्याच्या अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के वर किंवा खाली एवढेच लिहावयाचे असते, म्हणून तो सोपा वाटतो. परंतु दरसूचीतल्या प्रत्येक बाबीचा आपला खर्च काढून पाहिल्याशिवाय "दहा टक्के खाली" लिहिणे म्हणजे पुन्हा तो चहाचा आकडाच होय.

भांडवलाबाबत थोडक्यात. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत गवंडी व सुतार आहेत. हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख, नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे, आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते. नळकारागीर या अठरांत नाहीत. त्यांनी मुद्रा कर्जाची चौकशी बँकेत करावी. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल वीस लाखांपलीकडे गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी लागते. मालासह काम घेतले तर सिमेंट-फरशीची किंमतही त्या उलाढालीत येते, हे ध्यानी असू द्यावे. नाहीतर अठरा टक्क्यांचा कर आपल्याच नफ्यातून भरावा लागेल. आपल्या हाताखालच्या कामगारांना बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदविण्यासाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. काल आपण तो दुसऱ्याकडे मागत होता. उद्या तो आपल्याकडे मागतील, विनातक्रार द्यावा.

आता मोजपट्ट्या काढाव्यात. या सभागृहाच्या पश्चिमेकडील भिंतीचा गिलावा खिडकीखाली सुटलेला दिसतो आहे. चार गट करून प्रत्येकाने त्या भिंतीचे स्वतंत्र मोजमाप घ्यावे आणि बाबी लिहून काढाव्यात. अर्धा तास कोणीही किमतीचा उच्चार करू नये.