लसणाचा मान आणि लसणाची मर्यादा



आपल्या घरांत दुखणें आलें कीं वैद्याच्या आधीं लसूण हाकेला धांवतो. मुलाचा कान ठणकला, घाला लसणाचें तेल. बाळंतिणीला द्या लसूण-ओव्याची धुरी. पडसें, खोकला, पोटदुखी, सर्वांवर तीच पाकळी. हा विश्वास कितपत खरा, याचा आज आपण पंचांत बसल्याप्रमाणें निवाडा करूं.

प्रथम लसणाची बाजू. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायानें द्विजांना लसूण वर्ज्य केला. पण मध्य आशियांत कुचा येथें १८९० सालीं जी जुनी पोथी हातीं आली, तींत लसणाचे गुण गाऊन एक पळवाटही दिली आहे. गाईला उपाशी ठेवावें, मग गवतांत लसूण मिसळून चारावा, म्हणजे तिचें दूध ब्राह्मणास चालतें! तोंडाला विटाळ, पण गुण हवा. आपण तोच लसूण ठेचून भाकरीशीं उघडपणें खातों. यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

शिवाय गुण अगदींच खोटा नाहीं. पाकळी ठेचली कीं उग्र वासाचें ॲलिसिन तयार होतें. अमेरिकेंतील रसायनज्ञांनीं १९४४ सालीं तें वेगळें काढलें व तें जंतूंना मारक असल्याचें दाखविलें.

आतां दुसरी बाजू. कांचेची नळी म्हणजे माणसाचें पोट नव्हे. इंग्लंडांत १४६ माणसांवर बारा आठवडे प्रयोग झाला, तो २००१ सालीं प्रसिद्ध झाला. लसणाची गोळी घेणारांत २४ पडशीं झालीं, न घेणारांत ६५. पण एका साक्षीवर पंच निकाल देत नाहींत. अमेरिकेंत १९२ माणसांवर सहा महिने चाललेल्या प्रयोगांत लसणानें रक्तांतील चरबी उतरली नाहीं, हें २००७ सालीं छापून आलें. आणि २०२० सालीं करोनाची सांथ आली, तेव्हां लसणानें ती टळते याला पुरावा नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें सांगितलें.

पडशाबद्दल आमचें भांडण नाहीं. तें आठवड्यांत आपोआप जातें, श्रेय पाकळीला मिळतें. पण क्षय आपोआप जात नाहीं. त्याचीं औषधें सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतात, तीं महिनोन् महिने न चुकतां घ्यावीं लागतात. साप चावल्यावर लसूण चोळण्यांत गेलेली घटका माणसाचा जीव घेते. तेथें सर्पविषावरील इंजेक्शनच हवें. कानांतून पू येत असेल तर तेल घालूं नये. तान्ह्याच्या कातडीवर ठेचलेला लसूण बांधला तर भाजल्यासारखे फोड येतात, आणि धुरीच्या धुरानें त्याचा श्वास कोंडतो.

दवाखाना लांब, गाडीभाडें जड, दिवसाची मजुरी बुडते, हें आम्ही जाणतों. म्हणूनच सांगतों, महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर रुग्णासाठीं गाडी फुकट येते. हा आंकडा चुलीजवळच्या भिंतीवर कोळशानें लिहून ठेवा.

पोथींत आहे म्हणून खरें मानावयाचें नाहीं, हें आपण शिकलों. मग परंपरेनें चालत आलें म्हणून तरी पारखल्यावांचून कां मानावें? आपल्या आज्यांनीं हाताशीं होतें तें दिलें, त्यांचा दोष नाहीं. आपल्या हाताशीं आज अधिक आहे, तें न वापरूं तर दोष आपला. लसूण ताटांत असूं द्या, दुखणेंकरी दवाखान्यांत न्या.