अपरिस्रावी होण्याचे शिक्षण

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



आचार्य शिवार्यांच्या ‘भगवती आराधना’ या प्राचीन प्राकृत ग्रंथात, साधकाची आलोचना ऐकणाऱ्या आचार्यांचे गुण वर्णिले आहेत. त्यांपैकी एक गुण ‘अपरिस्रावी’ हा होय. विश्वासाने सांगितलेला दोष ज्यांच्याकडून बाहेर झिरपत नाही, ते अपरिस्रावी. दुसऱ्याचे अंतःकरण ऐकून घेण्यास पात्रता लागते, हे या परंपरेने फार पूर्वी ओळखले होते. समुपदेशक अथवा मानसोपचारक होऊ इच्छिणाऱ्या तरुणांनी शिक्षणाचा मार्ग निवडताना हीच कसोटी लावावी.

मार्ग मुख्यतः तीन आहेत. पहिला वैद्यकाचा. एम.बी.बी.एस. नंतर मनोविकारशास्त्रात तीन वर्षांची एम.डी. केलेला तज्ज्ञ औषधे देऊ शकतो. दुसरा मार्ग क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा. त्यासाठी १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. एम.ए. नंतर दोन वर्षांचे एम.फिल. हा त्याचा रूढ रस्ता होता. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एम.फिल. पदवीच बंद केली आणि या विषयापुरती २०२५-२६ पर्यंतच्या प्रवेशांना मुभा दिली. म्हणून ज्येष्ठांच्या जुन्या माहितीवर विसंबून न राहता, अभ्यासक्रमाची मान्यता प्रवेशाच्या वर्षीच पडताळावी. तिसरा मार्ग समुपदेशकाचा. मानसशास्त्रातील किंवा समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालील काम, असे त्याचे स्वरूप आहे.

याखेरीज एक आडवाटही दिसते. काही रविवारांचे वर्ग करावेत, प्रमाणपत्र घ्यावे आणि दारावर पाटी लावावी. असे वर्ग ऐकण्याची सवय लावतात, हा त्यांचा उपयोग मान्य करावा. पण तेवढ्यावर कोणाचे दुःख हाती घेणे धोक्याचे आहे. सतत थकवा आणि उदासी असलेल्या गृहिणीला थायरॉइडचा विकार असू शकतो. अभ्यासात मागे पडलेल्या मुलाच्या मनात आत्महत्येचे विचार घोळत असू शकतात. अशा वेळी ‘सामायिक करा, मन शांत होईल’ एवढाच सल्ला मिळाला, तर उपचाराची वेळ निघून जाते. सामायिकाचे मोल त्याने उणे होत नाही. मात्र डॉक्टरकडे केव्हा पाठवावे, हे शिकल्याशिवाय कळत नाही.

म्हणून प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत. प्रत्यक्ष व्यक्तींबरोबर काम करण्याची संधी किती आणि त्यावर देखरेख कोणाची? आपल्या मर्यादा ओळखण्याचे शिक्षण मिळते काय? आणि स्वतःच्या मनाचे परीक्षण अभ्यासक्रमात आहे काय? तिसरा प्रश्न अनेकदा राहून जातो. स्वतःचा क्रोध आणि मान ज्याने तपासला नाही, तो दुसऱ्याच्या दुःखात नकळत आपलेच मत मिसळतो.

उपचारपद्धतींच्या निवडीत अनेकान्ताची दृष्टी उपयोगी पडते. कार्ल रॉजर्स यांनी आस्थेने समजून घेण्यावर भर दिला. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास अविवेकी विचार तपासण्याची पद्धत मांडली, कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत पोहोचविली. एक पद्धत नीट आत्मसात करावी, पण तीच सर्वांना लागू पडते असा आग्रह धरू नये.

आता समाजाच्या जबाबदारीविषयी. लहान समाजात सर्व कुटुंबे एकमेकांस ओळखतात. मुलीने उपचार घेतल्याची वार्ता फुटली, तर ती विवाहाच्या बोलणीपर्यंत पोहोचते. या भीतीने अनेकजण मुकाट्याने सोसतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. इतर कोणाला इजा होण्याचा धोका असल्यास त्याला अपवाद आहे, आणि तो अपवाद केव्हा लागू होतो हेही शिकावे लागते. पण कायदा असला तरी, आपले बोलणे चार भिंतींतच राहील असा भरवसा प्रत्येक समुपदेशकाला आपल्या वर्तनानेच मिळवावा लागतो.

हे शिक्षण दीर्घ व खर्चिक आहे, आणि आरंभीची मिळकत अल्प. वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना समाज जसा आधार देतो, तसा याही विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीतून मिळावा. वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, हे जैन दर्शनात अभ्यंतर तप मानले आहे. या तपाची तयारी करणाऱ्यांच्या पाठीशी उभे राहणे सुवर्णमहोत्सवी वर्षास शोभून दिसेल.

जय जिनेंद्र!