बेलिफाचा शेरा : दिवाणी न्यायाची पहिली पायरी



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या शाळेत उभे राहून चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. न्यायालयावर व्याख्यान म्हटले की राज्यघटना, थोर न्यायमूर्ती किंवा गाजलेले खटले यांविषयी ऐकायला मिळेल, अशी श्रोत्यांची स्वाभाविक अपेक्षा असते. मी मात्र आज न्यायालयाच्या सर्वांत खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या एका कर्मचाऱ्याविषयी बोलणार आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या भागात त्याला बेलिफ म्हणतात. कागदोपत्री समन्स बजावणारा प्रोसेस सर्व्हर आणि जप्ती करणारा बेलिफ ही पदे वेगळी असली, तरी लोकांच्या तोंडी दोघेही बेलिफच.

दिवाणी न्यायाचा सारा डोलारा एका साध्या तत्त्वावर उभा आहे. ज्याच्याविरुद्ध निकाल द्यायचा, त्याला आधी कळवले पाहिजे. दावा दाखल झाला, प्रोसेस फी भरली गेली की न्यायालयाच्या सहीशिक्क्याचे समन्स निघते. त्याला वादपत्राची नक्कल जोडलेली असते. नाझरखात्यातून तो कागद बेलिफाच्या पिशवीत येतो. तेथून प्रतिवादीच्या उंबरठ्यापर्यंत न्यायालय म्हणजे तो एकटा माणूस.

आपल्याकडे ही व्यवस्था पूर्वापार होती असे नव्हे. पेशवाईत धनकोने ऋणकोच्या दारात धरणे धरून बसावे, तगादा लावून त्याला जेरीस आणावे, ही वसुलीची रूढ रीत होती. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या तगाद्याचे वर्णन केले आहे. पुढे १८२७ चे मुंबई इलाख्याचे नियम आले, १८५९ मध्ये दिवाणी प्रक्रियेची पहिली संहिता झाली आणि आज चालते ती १९०८ ची. दारात बसणारा धनको गेला आणि त्याच्या जागी हातात कागद घेतलेला, कोणाचीही बाजू नसलेला सरकारी माणूस आला. हा बदल वाटतो त्याहून मोठा आहे.

या माणसाने काय करायचे, हे संहितेच्या पाचव्या आदेशात बारकाईने सांगितले आहे. शक्य असेल तेथे समन्स प्रतिवादीच्याच हाती द्यायचे व मूळ प्रतीवर त्याची सही घ्यायची. तो घरी नसेल, वाजवी मुदतीत भेटण्याचा संभव नसेल आणि त्याच्या वतीने समन्स घेण्याचा अधिकार असलेला कोणी नसेल, तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातील प्रौढ व्यक्तीकडे द्यायचे. घरगडी हा कुटुंबीय नव्हे, असा खुलासाही कायद्याने केला आहे. मूळ कायद्यात ही प्रौढ व्यक्ती पुरुषच असावी लागे. घरात शिकलीसवरलेली सून असली तरी तिच्या हाती कागद देता येत नसे. १९७६ च्या दुरुस्तीने, म्हणजे १ फेब्रुवारी १९७७ पासून, ‘स्त्री असो वा पुरुष’ असे शब्द आले. घरातील बाईची सही कायद्याने ग्राह्य धरायला जवळजवळ सत्तर वर्षे गेली, हे आपल्या विद्यार्थिनींनी लक्षात ठेवावे.

प्रतिवादीने कागद घेण्यास नकार दिला, किंवा पुरेसा शोध घेऊनही तो सापडला नाही, तर तो जेथे नेहमी राहतो किंवा धंदा करतो त्या घराच्या दर्शनी भागावर नक्कल डकवायची. मग बेलिफाने मूळ समन्सवर शेरा लिहायचा. केव्हा गेलो, कोणत्या परिस्थितीत डकवले, घर कोणी दाखवले, कोणासमोर डकवले, हे नावापत्त्यासह नमूद करायचे. आजचे माझे सारे म्हणणे या शेऱ्याभोवती आहे.

आपल्या भागातले एक कल्पित उदाहरण घेऊ. खानापूर तालुक्यातील एका वाडीत चार भावांचे वडिलोपार्जित घर आहे. एक भाऊ गावी राहतो, एक पुण्याला, तर दोघे गोव्यात कामाला. गणपतीला आणि मे महिन्यात सगळे एकत्र येतात. वाटणीचा दावा लागतो आणि चौघांचाही पत्ता गावचाच दिला जातो. बेलिफ पावसाळ्यात चिखल तुडवीत वाडीत पोहोचतो. तिघांच्या खोल्यांना कुलूप असते. तो काय लिहील?

‘प्रतिवादी मिळून आला नाही, सबब समन्स दारावर डकवले’ अशी एक ओळ लिहून तो संध्याकाळच्या बसने परत येऊ शकतो. शेजाऱ्यांना विचारून तो असेही लिहू शकतो की, ‘प्रतिवादी सहा वर्षांपासून गोव्यात राहतो, येथे नेहमी राहत नाही, असे अमुक शेजाऱ्याने सांगितले.’ दोन्ही शेरे चारदोन ओळींचेच. पण पहिल्या शेऱ्याने न्यायालयाची समजूत होते की बजावणी झाली. प्रतिवादी गैरहजर राहतो, दावा एकतर्फी चालतो आणि हुकूमनामा होतो. दुसऱ्या शेऱ्याने न्यायालयाला कळते की माणूस दुसरीकडे आहे, त्याला तेथे कळवले पाहिजे. हजर होण्याची संधी त्या भावाला मिळते की नाही, हे बेलिफाने शेजाऱ्याच्या ओसरीवर खर्च केलेल्या दहा मिनिटांवर ठरते.

एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याची सोय कायद्यात आहे. समन्सची रीतसर बजावणी झाली नसेल, तर हुकूमनामा कळल्यापासून तीस दिवसांत अर्ज करता येतो. परंतु बजावणीत केवळ लहानसहान अनियमितता होती आणि तारखेची माहिती वेळेवर मिळालेली होती, असे दिसल्यास न्यायालय हुकूमनामा रद्द करीत नाही. म्हणजे मला कळलेच नव्हते, हे सिद्ध करायची वेळ त्या गोव्यातल्या भावावर येते. त्यात वर्षे जातात, वकिलाची फी जाते आणि भावाभावांतला उरलासुरला संवादही जातो. वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस हाही सर्रास वापरायचा मार्ग नाही. २०१८ मध्ये नीरजा रिअल्टर्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो नेहमीच्या बजावणीला अपवाद असल्याचे स्पष्ट केले.

शेऱ्यावर अंकुश ठेवण्याची तरतूदही संहितेत आहे. समन्स डकवून परत आले आणि अहवालासोबत बेलिफाचे शपथपत्र नसेल, तर न्यायालयाने त्याची शपथेवर तपासणी केलीच पाहिजे. शपथपत्र असले तरी तशी तपासणी करता येते. तो केवळ कागद पोहोचवणारा निरोप्या असता, तर त्याला शपथ कशाला दिली असती? कायद्याच्या नजरेत तो साक्षीदार आहे.

हुकूमनाम्यानंतर दरखास्त दाखल होते आणि अटकेची किंवा जप्तीची वेळ येते. तेथे कायद्याने दाखवलेली माणुसकी पाहण्यासारखी आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरता येत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माचाराप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, कारागिराची हत्यारे, तसेच शेतकऱ्याची उपजीविकेपुरती अवजारे, जनावरे आणि बियाणे यांना हात लावता येत नाही. कलम ५५, ५६ आणि ६० मधील ही बंधने पाळली जातात की नाही, हे पाहायला त्या अंगणात न्यायाधीश नसतो. तेथे बेलिफच असतो.

मग हे पद मिळते कसे? आपल्याकडे यासाठी वेगळा परवाना नाही. जिल्हा न्यायालय जाहिरात काढून नेमणुका करते. परदेशी गेलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना याची दुसरी तऱ्हा दिसत असेल. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत अठरा वर्षे पूर्ण झालेली, दाव्यात पक्षकार नसलेली कोणीही व्यक्ती समन्स बजावू शकते. टेक्सास राज्यात हे काम करणाऱ्या खाजगी व्यक्तींना प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था आहे, तर कॅलिफोर्नियात वर्षाला दहाहून अधिक बजावण्या मोबदल्यासाठी करणाऱ्याला नोंदणी करावी लागते. तेथे हा व्यवसाय आहे, येथे ही नोकरी आहे. दोन्हीकडे प्रश्न एकच उरतो : या माणसाने लिहिलेले खरे मानायचे का?

आपल्या शाळेतील मुलांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. भाषेचा विषय आपल्या भागात किती हळवा आहे, हे मला ठाऊक आहे. पण येथील न्यायालयाचा कागद कन्नडात असतो आणि ज्या घरी तो जातो तेथे पुष्कळदा मराठी, कोकणी किंवा उर्दू बोलतात. कन्नड वाचून ‘आजी, ही तारीख आहे, या दिवशी कोर्टात हजर राहायचे आहे’ एवढे मराठीत समजावून देणारा तरुण त्या घरावर केवढे उपकार करतो! अशा जागांसाठी आपल्या मुलांनी अवश्य तयारी करावी आणि ती करताना कन्नड नीट शिकावे. त्याने मराठीचे काही उणे होत नाही.

काळ बदलला आहे. २००२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कुरिअर, फॅक्स आणि ई-मेलने बजावणीची वाट मोकळी झाली. करोनाच्या साथीत, जुलै २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने व्हॉट्सॲपसारख्या साधनांनाही मुभा दिली. ई-कोर्ट प्रकल्पातील ‘एनस्टेप’ या योजनेत बेलिफाच्या हाती मोबाईल आला असून तो कोठे गेला, केव्हा गेला, याची नोंद तेथल्या तेथे होते. वाडीत न जाता कचेरीत बसून शेरा लिहिण्याला यामुळे मोठा आळा बसेल. पण दाराला कुलूप आहे, एवढेच छायाचित्र सांगते. कुलपामागचा माणूस कोठे गेला, हे शेजाऱ्याला विचारावेच लागते.

या कामात मोहही दोन्हीकडून येतात. वादीला बजावणी झाल्याचा शेरा लवकर हवा असतो आणि प्रतिवादीला ‘मिळून आला नाही’ असा शेरा हवा असतो. दोघेही चहा पाजायला तयार असतात. त्या दोघांच्या मधून चालत जाऊन जे दिसले तेवढेच लिहिणे, ही या पदाची खरी पात्रता आहे. ती प्रमाणपत्राने येत नाही. जे पाहिले ते लिहावे आणि जे पाहिले नाही ते लिहू नये, हा धडा शाळेतच गिरवावा लागतो. निबंधाच्या वहीत तो गिरवून घेणाऱ्या शिक्षकांचे न्यायव्यवस्थेवर किती उपकार आहेत, याची नोंद कोणत्याही निकालपत्रात होत नाही. ती आज या व्यासपीठावरून व्हावी, एवढीच माझी इच्छा होती.